व्हीएमडीके थेट एलव्हीवर ओतताना: आकार, फॉरमॅट आणि शून्यांचा हिशेब

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऑफिसचा जुना विंडोज सर्व्हर २०१२ आरटू ईएसएक्सआयवर (व्हीएमवेअरच्या होस्टवर) व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, म्हणून चालत होता, त्यात टॅली आणि एक एसक्यूएल डेटाबेस. तुम्ही ओव्हीए (अख्ख्या व्हीएमची एकत्र बांधलेली फाइल) एक्स्पोर्ट करून उलगडली, आत ३८ जीबीची व्हीएमडीके, म्हणजे व्हीएमवेअरची डिस्क इमेज, निघाली. नव्या केव्हीएम (लिनक्सवरचं व्हर्च्युअलायझेशन) होस्टवर ४० जीबीची एलव्ही (लॉजिकल व्हॉल्यूम, एलव्हीएमने कापून दिलेला डिस्कचा भाग) बनवली आणि तिच्यावर ६० जीबीची क्यूकाऊ२ (व्हीएम चालवणाऱ्या क्यूएमू प्रोग्रामचा इमेज फॉरमॅट) क्रिएट केली. मग क्यूएमू-आयएमजीने रॉ (हेडर नाही, डिस्कचे बाइट जसेच्या तसे) म्हणून कन्व्हर्ट करायला गेलात तर 'आउटपुट फाइल इनपुटपेक्षा लहान आहे' अशा अर्थाची एरर आली. शेवटी वैतागून व्हीएमडीके फाइल डीडी या बाइट कॉपी करणाऱ्या कमांडने सरळ एलव्हीवर टाकलीत. ती मुकाट्याने गेली, पण व्हीएम चालू केल्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस'. आता तुम्ही विचारताय, की कन्व्हर्टचा कुठला ऑप्शन राहिला?

ऑप्शन एखादा सुचवता येईल, पण गोंधळ त्याच्या आधीच झालाय. डिस्कची इमेज फाइलमध्ये असते तेव्हा ती फाइल स्वतःबद्दल बरंच काही सांगते: मी कुठल्या फॉरमॅटची, माझ्या आतली डिस्क केवढी, कुठला भाग कधी लिहिलाच गेला नाही. ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे एलव्ही किंवा अख्खी डिस्क, यातलं काहीच सांगत नाही. त्याला फक्त एक लांबी असते आणि त्या लांबीभर आधी कोणीतरी लिहिलेले बाइट असतात. त्यामुळे फॉरमॅट, आकार आणि जुना मजकूर, या तिन्हींचा हिशेब तुम्हाला ठेवावा लागतो. तुमचे तीनही प्रयत्न या हिशेबातच अडकले.

३८ जीबी हा फाइलचा आकार होता, डिस्कचा नव्हे. ओव्हीएमधली व्हीएमडीके बहुधा 'स्ट्रीम ऑप्टिमाइज्ड' प्रकारची, म्हणजे आतून कॉम्प्रेस केलेली असते. एलएस कमांडने दिसणारा आकडा इथे निरुपयोगी. क्यूएमू-आयएमजीची 'इन्फो' ही सबकमांड त्या फाइलवर चालवा. ती दोन आकडे देते, व्हर्च्युअल साइज आणि डिस्क साइज. आपल्याला हवा तो व्हर्च्युअल साइज, आणि तोही कंसात बाइटमध्ये दिलेला. ६० जीबीच्या डिस्कला तो ६४,४२,४५,०९,४४० दिसायला हवा. रॉ म्हणून लिहिताना हे सगळे बाइट लागतात, मग त्यातले निम्मे रिकामे का असेनात. तुम्ही ४० जीबीची एलव्ही दिलीत म्हणून कन्व्हर्टने नकार दिला, आणि ते बरंच झालं. अर्धवट लिहून थांबण्यापेक्षा सुरुवातीलाच नाही म्हटलेलं परवडलं.

डीडीला मात्र नाही म्हणता येत नाही. त्याने ३८ जीबीचे बाइट जसेच्या तसे उचलून ठेवले. बायोसने पहिला सेक्टर वाचला तेव्हा तिथे बूट सेक्टर नव्हताच, व्हीएमडीकेचं हेडर होतं. खात्री करायची असेल तर एलव्हीचे पहिले ५१२ बाइट हेक्सडंपमध्ये बघा. सुरुवातीला 'केडीएमव्ही' ही चार अक्षरं दिसली तर तो व्हीएमडीकेचा शिक्का. 'क्यूएफआय' दिसलं तर क्यूकाऊ२. आणि सेक्टरचे शेवटचे दोन बाइट ५५ एए असतील तर एमबीआर (पहिल्या सेक्टरमधला बूट कोड आणि पार्टिशन टेबल), किंवा जीपीटी या नव्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलपुढचा संरक्षक एमबीआर तिथे आहे. मी तर बूट न होणारी कुठलीही डिस्क हातात आली की आधी हे ५१२ बाइट बघतो. निम्मी प्रकरणं तिथेच उलगडतात.

आता एलव्हीवर रॉ ठेवावं की क्यूकाऊ२, हा प्रश्न. तुम्ही आधी क्यूकाऊ२ क्रिएट केलंत, म्हणजे मनात कुठेतरी ते हवं होतं. एलव्हीवर क्यूकाऊ२ ठेवता येतं, त्यात गैर काही नाही. ओव्हर्टसारख्या व्यवस्थापन प्रणाली सॅनवर (नेटवर्कवरच्या सामायिक साठवणुकीवर) नेमकं हेच करतात: लहान एलव्ही देतात, तिच्यावर मोठ्या व्हर्च्युअल साइजची क्यूकाऊ२ बनवतात आणि व्हीएम लिहीत जाईल तशी एलव्ही वाढवत नेतात. पण तिथे एलव्ही किती भरली यावर सतत लक्ष ठेवणारा प्रोग्राम असतो. तुमच्याकडे तो नाही. ४० जीबीच्या एलव्हीवर ६० जीबीची क्यूकाऊ२ निमूट तयार होते, कारण क्रिएट फक्त सुरुवातीचं हेडर आणि थोडी टेबलं लिहितं. जागा संपेल त्या दिवशी क्यूएमू व्हीएमला पॉजमध्ये टाकतो. डेटा सहसा जात नाही, एलव्ही वाढवून रिज्यूम केलं की गाडी पुढे चालते, पण ते घडतं महिनाअखेरीला, बिलं काढायच्या वेळी.

दुसरी गोष्ट, क्यूकाऊ२चा स्वतःचाही खर्च असतो. नेहमीच्या ६४ केबी क्लस्टरला मॅपिंगसाठी ८ बाइट आणि रेफकाउंटसाठी (क्लस्टर किती ठिकाणी वापरात आहे त्या मोजणीसाठी) २ बाइट लागतात. ६० जीबीचे होतात ९,८३,०४० क्लस्टर, म्हणजे साधारण साडेनऊ एमबी. रक्कम क्षुल्लक, पण परिणाम असा की बरोबर ६० जीबीच्या एलव्हीवर पूर्ण भरलेली ६० जीबीची क्यूकाऊ२ मावत नाही. अंदाज बांधत बसू नका. क्यूएमू-आयएमजीमध्ये २०१७च्या २.१० आवृत्तीपासून 'मेझर' ही सबकमांड आहे. स्रोत फाइल आणि हवा तो फॉरमॅट दिला की ती दोन आकडे सांगते: आत्ताचा डेटा ठेवायला किती लागेल, आणि पूर्ण भरल्यावर किती लागेल. एलव्ही दुसऱ्या आकड्याची करा.

माझा स्वतःचा कल स्पष्ट आहे. एकाच होस्टवर एलव्हीएम असेल तर एलव्हीवर रॉ. स्नॅपशॉट हवेत तर थिन पूल (लिहिलं जाईल तशी जागा वाटणारा साठा) करा आणि स्नॅपशॉट एलव्हीएमकडून घ्या. खाली एलव्हीएम आपलं मॅपिंग सांभाळतंय आणि वर क्यूकाऊ२ आपलं वेगळं सांभाळतंय, ही दुहेरी वही ठेवण्यातून एका व्हीएमच्या ऑफिसला फारसं काही मिळत नाही. क्यूकाऊ२च हवं असेल, म्हणजे बॅकिंग फाइलची साखळी (एका इमेजवर रचलेल्या पुढच्या इमेज), डर्टी बिटमॅपवर (बदललेल्या भागांच्या नोंदीवर) चालणारे इन्क्रिमेंटल बॅकअप वगैरे, तर एलव्ही सोडा आणि एक्सएफएस फाइल सिस्टिमवर साधी फाइल ठेवा. सामायिक सॅन असेल तर गणित वेगळं, पण तुमच्या वर्णनात सॅन नाही. तेव्हा पुढचं सगळं एलव्हीवर रॉ धरून लिहितोय. कमांडही मुद्दाम वाक्यातच सांगतोय. यातल्या दोन-तीन कमांड अशा आहेत, की चुकीच्या डिव्हाइसवर कॉपी-पेस्ट झाल्या तर परत फिरता येत नाही.

आधीची ४० जीबीची एलव्ही काढून टाका आणि नवी व्हर्च्युअल साइजच्या बाइटमध्ये करा. एलव्हीक्रिएटला आकाराच्या शेवटी लहान बी लावून बाइट देता येतात. एलव्हीएम तो आकडा एक्स्टेंटच्या (जागा वाटण्याच्या ठरावीक तुकड्याच्या) पटीत वर नेतं, एक्स्टेंट नेहमीचा असेल तर ४ एमबीच्या. तुमचे ६० जीबी बरोबर १५,३६० एक्स्टेंटमध्ये बसतात, त्यामुळे इथे फरक पडणार नाही. विचित्र आकाराच्या डिस्कला मात्र एलव्ही किंचित मोठी होते. मोठी झाली तर बिघडत नाही. फक्त जीपीटी असेल तर तिची राखीव प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरवर असायला हवी, ती आता मध्येच कुठेतरी पडते. पार्टेड त्यावर तक्रार करून दुरुस्त करू का विचारतं, किंवा एसजीडिस्कला डॅश लहान ई देऊन ती प्रत शेवटी हलवता येते. एलव्ही लहान करून काम भागवायचा मोह मात्र टाळा. डिस्क लहान करायचीच असेल तर आधी विंडोजच्या आत पार्टिशन आकसवा, तेही जुन्या होस्टवर. नंतर इमेज. बनवून झाल्यावर एलव्हीचा खरा आकार ब्लॉकडेव्हच्या 'गेटसाइज६४'ने बाइटमध्ये बघा आणि इन्फोच्या आकड्याशेजारी ठेवून ताडून घ्या.

एलव्हीऐवजी अख्खी डिस्क किंवा आयस्कझीचं लन (नेटवर्कवरून मिळालेली डिस्क) देणार असाल तर एसडीबी, एसडीसी या नावांवर भिस्त ठेवू नका, रीबूटनंतर ती बदलू शकतात. डेव्हखालच्या डिस्क फोल्डरमध्ये 'बाय-आयडी' आहे, तिथलं नाव वापरा, त्यात सहसा सिरीयल नंबर असतो. लिहिण्याआधी एलएसबीएलके डॅश एफ आणि काहीही ऑप्शन न देता वाइपएफएस. वाइपएफएस तसं चालवलं तर काही पुसत नाही, फक्त डिव्हाइसवर कुठले शिक्के सापडले ते दाखवतं. एलव्ही असेल तर एलव्हीएसच्या अ‍ॅट्रिब्यूट कॉलममधलं सहावं अक्षर बघा. तिथे 'ओ' असेल तर ती एलव्ही कोणीतरी उघडून बसलंय, आणि तुम्ही तिथे लिहायचं नाही.

कन्व्हर्टच्या डॅश लहान एन या ऑप्शनचा अर्थ, 'टार्गेट आधीच आहे, नवं बनवू नकोस'. ब्लॉक डिव्हाइसवर तो मी कायम लावतो, आणि त्यामागे एक साधं कारण आहे. समजा एलव्हीचं नाव टाइप करताना एक अक्षर चुकलं. एन नसेल तर कन्व्हर्ट समजतो की नवी फाइल बनवायचीय, आणि डेव्ह फोल्डरमध्ये त्या चुकलेल्या नावाची खरोखरची फाइल तयार करायला जातो. डीडीही हेच करतो. डेव्ह ही मेमरीतली फाइल सिस्टिम. एक तर तिथली जागा संपते, नाहीतर होस्टची रॅम भरत जाते, आणि काम झालंसं वाटलं तरी रीबूटनंतर फाइल गायब. एन लावला तर 'असं काही नाही' म्हणून जागच्या जागी एरर.

त्याच कारणाने रॉसाठी 'क्रिएट' चालवायची गरजच नाही. एलव्ही बनली म्हणजे रॉ डिस्क बनली. उलट क्यूएमूच्या नव्या आवृत्त्या डिव्हाइसवर रॉ क्रिएट करताना पहिला सेक्टर शून्य करतात, जुना शिक्का राहून फॉरमॅटचा गैरसमज होऊ नये म्हणून. रिकाम्या एलव्हीवर ते चांगलंच. डेटा असलेल्या डिस्कवर कोणी 'नुसतं क्रिएट तर आहे' म्हणून चालवलं तर पार्टिशन टेबल गेलं.

आता शून्यांकडे येतो. यावर जास्त लिहितोय, कारण इथली चूक त्या दिवशी दिसत नाही.

व्हर्च्युअल डिस्कचा मोठा भाग शून्यांनी भरलेला असतो. व्हीएमडीके किंवा क्यूकाऊ२ ते शून्य साठवतच नाहीत, 'इथे काही नाही' एवढीच नोंद ठेवतात. नव्या फाइलमध्ये कन्व्हर्ट करताना तो भाग सोडून दिला तरी चालतं, कारण न लिहिलेल्या जागी फाइल शून्यच वाचून दाखवते. साध्या, थिन नसलेल्या एलव्हीवर तसं नसतं. त्या एक्स्टेंटवर पूर्वी जी कुठली एलव्ही होती तिचा मजकूर तसाच पडून असतो. एलव्हीक्रिएट जास्तीत जास्त सुरुवातीचे ४ केबी शून्य करतं आणि ओळखीचे शिक्के पुसतं, बाकीच्याला हात लावत नाही.

आता कोणी डीडीला 'कॉन्व्ह इज इक्वल टु स्पार्स' लावून रॉ फाइल एलव्हीवर ओतली, की डीडी शून्यांचे ब्लॉक लिहायचेच सोडून पुढे सरकतो. वेळ निम्मा लागतो, माणूस खूश. पण जिथे शून्य असायला हवे होते तिथे आता जुन्या व्हीएमचे बाइट आहेत. तुम्ही म्हणाल, रिकाम्या जागेत कचरा असला तर काय बिघडलं? रिकाम्या जागेत काहीच बिघडत नाही. पण सगळे शून्य रिकाम्या जागेत नसतात. एसक्यूएलच्या डेटाफाइलमध्ये आधीच राखून ठेवलेली शून्यांची पानं असतात. एनटीएफएसच्या बिटमॅपमध्ये 'हा क्लस्टर मोकळा आहे' हे शून्यानेच लिहिलेलं असतं. ते बदललं तर विंडोज बूट होतं, लॉगिन होतं, टॅली उघडते, आणि दोन दिवसांनी चेकडिस्क तक्रारी सुरू करतं किंवा डेटाबेस एका विशिष्ट टेबलावर अडकतो. तोवर जुना सर्व्हर बंद करून त्याची डिस्क दुसऱ्या कामाला लागलेली असते.

क्यूएमू-आयएमजी कन्व्हर्ट ही चूक आपणहून करत नाही. टार्गेट ब्लॉक डिव्हाइस असेल तर ते शून्य आहे असं तो गृहीत धरत नाही, स्रोतात शून्य असेल तिथे डिव्हाइसवरही शून्य पोचवतो, आणि शक्य असेल तेव्हा कर्नलकडून झटपट करवून घेतो. म्हणूनच हे काम डीडीपेक्षा कन्व्हर्टने करा असं मी सांगतो, स्रोत रॉ असला तरीही. गडबड होते ती वेळ वाचवायला 'टार्गेट-इज-झीरो' लावल्यावर. हा ऑप्शन २०२०मध्ये क्यूएमू ५.०पासून आला, आणि तो डॅश एनबरोबरच चालतो. तुम्ही शब्द देताय की हे डिव्हाइस आधीच पूर्ण शून्य आहे, आणि क्यूएमू तुमचा शब्द तपासून बघत नाही. थिन पूलमधल्या नुकत्याच बनवलेल्या, एकदाही न लिहिलेल्या एलव्हीवर हा शब्द खरा असतो, कारण न वाटलेला भाग शून्यच वाचला जातो. तिथे मी हा ऑप्शन लावतो, जागाही वाचते. फक्त पूलचं झीरोइंग चालू आहे ना ते बघा. एलव्हीएसमध्ये पूलच्या अ‍ॅट्रिब्यूटमधलं आठवं अक्षर झेड असेल तर चालू आहे. ते बंद असेल तर नव्या वाटलेल्या ब्लॉकचा न लिहिलेला कोपरा जुना राहू शकतो.

साध्या एलव्हीवर हा ऑप्शन लावायचाच असेल तर आधी ब्लकडिस्कार्ड डॅश झेड चालवून ती खरोखर शून्य करा. डॅश झेड विसरू नका. नुसतं ब्लकडिस्कार्ड म्हणजे 'हा भाग मला नको' असं डिस्कला कळवणं. त्यानंतर वाचल्यावर शून्यच मिळतील याची हमी प्रत्येक एसएसडी देत नाही.

आता प्रत्यक्ष कमांड. क्यूएमू-आयएमजी कन्व्हर्ट. प्रगती दिसायला डॅश लहान पी. स्रोत फॉरमॅटसाठी डॅश लहान एफ आणि व्हीएमडीके. टार्गेटसाठी डॅश मोठा ओ आणि रॉ. डॅश लहान एन. कॅशसाठी डॅश लहान टी आणि नन, स्रोतासाठी डॅश मोठा टी आणि नन. शेवटी आधी फाइल, मग एलव्ही. हा क्रम कितीही वेळा केला असला तरी मी एंटर दाबण्यापूर्वी मोठ्याने वाचतो.

स्रोताचा फॉरमॅट स्पष्ट सांगायचा, ओळखायला सोडायचा नाही. ईएसएक्सआयच्या डेटास्टोरवरून थेट उचललेल्या दोन फाइल असतील, एक छोटी डिस्क्रिप्टर आणि एक शेवटी 'फ्लॅट' लिहिलेली, तर व्हीएमडीके म्हणून छोटी द्या आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नावात ०००००१ सारखा आकडा असेल तर तो स्नॅपशॉटचा फरक आहे, पूर्ण डिस्क नव्हे. जुन्या होस्टवर स्नॅपशॉट मिटवून मग एक्स्पोर्ट करणं उत्तम.

कॅशबद्दल थोडं. बाकी सबकमांडमध्ये टार्गेटची कॅश डिफॉल्टने राइटबॅक असते, पण कन्व्हर्टमध्ये ती 'अनसेफ' असते. म्हणजे कमांड संपून प्रॉम्प्ट परत आला तरी काही डेटा होस्टच्या रॅममध्येच असू शकतो. फाइलला ते ठीक. पण यूपीएसच्या बॅटरीचा भरवसा नसलेल्या ऑफिसात शंभर टक्के दिसल्यावर दहा सेकंदांत लाइट गेली तर? नन लावलं की लिखाण पेज कॅशला वळसा घालून जातं, शिवाय ६० जीबी वाहताना होस्टवरच्या इतर व्हीएमची कॅश धुऊन निघत नाही. नन लावलं तरी शेवटी एक सिंक मारा, फुकट आहे.

वेग हवा असेल तर डॅश मोठा डब्ल्यू, म्हणजे क्रम सोडून लिहायची मुभा. हा ऑप्शन ब्लॉक डिव्हाइससारख्या आधीच जागा असलेल्या टार्गेटसाठीच सुचवलेला आहे, आणि आपलं प्रकरण तेच. डॅश लहान एम हा समांतर कामांचा आकडा, डिफॉल्ट ८, कमाल १६. फिरत्या डिस्कवर वाढवून उपयोग नाही, एनव्हीएमईवर बघा वाढवून. पण तुमची व्हीएमडीके कॉम्प्रेस केलेली आहे, त्यामुळे सीपीयूच आडवा येण्याची शक्यता जास्त. चहा घेऊन या.

झाल्यावर पडताळणी. क्यूएमू-आयएमजीची 'कम्पेअर' सबकमांड दोन्ही बाजू डिस्क म्हणून वाचून ताडते. स्रोतासाठी डॅश लहान एफ आणि व्हीएमडीके, दुसऱ्यासाठी डॅश मोठा एफ आणि रॉ. एलव्ही किंचित मोठी असेल तर आकार जुळत नाही अशी सूचना येते, पण जास्तीचा भाग शून्य असेल तर निकाल 'एकसारखे' असाच. त्या शेपटात जुना कचरा असेल तर 'वेगळे' येईल, घाबरू नका, कुठल्या ऑफसेटला फरक सापडला ते बघा. एवढं वाचायला कन्व्हर्टइतकाच वेळ जातो, म्हणून लोक ही पायरी गाळतात. हिशेबाचा डेटा असलेल्या मशीनवर मी गाळत नाही. आणि हे सगळं व्हीएम चालू करण्याआधी. एकदा विंडोज बूट झालं की दोन्ही बाजू पुन्हा कधी जुळणार नाहीत.

व्हर्शच्या (केव्हीएमवरच्या व्हीएम सांभाळणाऱ्या कमांडच्या) एक्सएमएलमध्ये डिस्कचा प्रकार 'ब्लॉक', ड्रायव्हरचा प्रकार 'रॉ', कॅश 'नन', आणि सोर्समध्ये 'फाइल'च्या जागी 'डेव्ह'. फाइलवरून एलव्हीवर आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या एक्सएमएलमध्ये यातलं एक जुनं राहिलेलं असतं, बहुतेकदा ड्रायव्हरच्या प्रकारात क्यूकाऊ२. हाताने क्यूएमू चालवत असाल तरीही फॉरमॅट रॉ असं लिहाच. न लिहिल्यास क्यूएमू डिव्हाइसची सुरुवात वाचून अंदाज बांधतो, आणि ती सुरुवात गेस्टच्या, म्हणजे व्हीएमच्या, हातात असते. व्हीएममधला कोणी आपल्या पहिल्या सेक्टरवर क्यूकाऊ२चं खोटं हेडर लिहून, बॅकिंग फाइल म्हणून होस्टवरची एखादी फाइल दाखवून ती वाचू शकत असे. हा दोष २००८ सालीच नोंदवला गेला. आता क्यूएमू इशारा देतो आणि ओळखून उघडलेल्या रॉच्या ब्लॉक शून्यावर लिहायला अटकाव करतो. त्यातून उलटाच त्रास होतो: गेस्टला पार्टिशन टेबल बदलता येत नाही आणि कारण कळत नाही.

इतकं करून डिस्क बरोबर पोचली तरी विंडोज बूट होईलच असं नाही. हा वेगळा विषय, पण तुम्ही उद्या इथेच येऊन थांबाल म्हणून सांगतो. डिस्क व्हर्टआयओ (केव्हीएमचं वेगवान व्हर्च्युअल हार्डवेअर) म्हणून जोडली आणि आत ड्रायव्हर नसेल तर निळा पडदा, 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस', कोड ७बी. दोन वाटा आहेत. एक, व्हर्ट-व्हीटूव्ही. ते ओव्हीए घेतं, व्हर्टआयओ ड्रायव्हर आत घालतं, बूटच्या नोंदी नीट करतं. त्याला आधी फाइलमध्ये काढू द्या आणि ती फाइल वरच्या पद्धतीने एलव्हीवर ओता. दुसरी जुनी वाट म्हणजे मुख्य डिस्क आधी आयडीई किंवा साटा म्हणून जोडून बूट करायची, सोबत एक जीबीची रिकामी व्हर्टआयओ डिस्क लावायची, आयएसओमधून तिचा ड्रायव्हर घालायचा, बंद करून मग मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्यायची. जमल्यास व्हीएमवेअर टूल्स जुन्या होस्टवरच काढून टाका, बाहेर आल्यावर ते निघायला कुरकुर करतात. आणि जुनी व्हीएम बायोसवर होती की यूईएफआयवर, तेही तसंच ठेवा. यातलं चुकलं तरी एरर तुमच्या आत्ताच्या एररसारखीच दिसते.

एखाद्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मॅक अ‍ॅड्रेसला बांधलेलं असेल तर जुना मॅकच नव्या एक्सएमएलमध्ये द्या. मात्र दोन्ही मशीन एकाच वेळी नेटवर्कवर आणू नका.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. एक्स्पोर्ट व्हीएम बंद करून घेतलंत का? चालू डेटाबेसची प्रत घेतली असेल तर डिस्क अचानक वीज गेल्यासारख्या अवस्थेत मिळते. बहुतेकदा सावरते, पण मी त्यावर पैज लावणार नाही. आणि होस्ट प्रॉक्समॉक्स असेल तर एलव्ही हाताने बनवूच नका. तिथली डिस्क इम्पोर्टची कमांड आकारही बघते आणि आतून क्यूएमू-आयएमजीलाच हाक मारते. पुढे कधी केव्हीएमवरचीच फाइल एलव्हीवर न्यायची झाली तर व्हीएम बंदही करावी लागत नाही, व्हर्शचं 'ब्लॉककॉपी' आहे. त्यात टार्गेट ब्लॉक डिव्हाइस आहे हे 'ब्लॉकडेव्ह' ऑप्शनने सांगा आणि शेवटी पिव्हट, म्हणजे व्हीएमला नव्या डिस्कवर वळवणं.

उलट दिशेचंही विचारलं होतंत, बॅकअपसाठी एलव्हीवरून क्यूकाऊ२ फाइल. तेच कन्व्हर्ट, स्रोत रॉ, टार्गेट क्यूकाऊ२, हवं तर डॅश लहान सीने कॉम्प्रेस. इथे एन नको, फाइल नवी बनू द्यायचीय. फाइल फुगली तर दोष कन्व्हर्टचा नाही. विंडोजमध्ये डिलीट केलेल्या फाइलींचे बाइट एलव्हीवर तसेच असतात आणि क्यूएमूला ते डेटाच वाटतात. डिस्कला डिस्कार्ड अनमॅप लावून आतून रीट्रिम करा (मोकळी जागा डिस्कला कळवा), किंवा एसडिलीटने मोकळी जागा शून्य करा, मग प्रत घ्या. साध्या एलव्हीवर ट्रिमने शून्य मिळतीलच असं नाही, तिथे एसडिलीट बरं.

हे सगळं करूनही बूट झाली नाही तर पुढच्या वेळी चार गोष्टी सोबत टाका: व्हीएमडीकेवरच्या इन्फोचं आउटपुट, एलव्हीचा ब्लॉकडेव्हने दाखवलेला आकार, तिच्या पहिल्या ५१२ बाइटचा हेक्सडंप, आणि एक्सएमएलमधला फक्त डिस्कचा तुकडा. जुना ईएसएक्सआय होस्ट तोवर फॉरमॅट करू नका.